पहिल्या महिन्याचं गणित वेगळं

जर्मनीला शिकायला जाताना ब्लॉक्ड अकाउंटात (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरले की वर्षभर बघायला नको, असं बरेच जण म्हणतात. म्युनिक सोडा, पण लहान गावात महिना ९९२ मध्ये भागतं, मान्य. अडचण अशी की ते पैसे महिन्याच्या हप्त्यानेच सुटतात, आणि घराचं डिपॉझिट मात्र बरेच घरमालक पहिल्याच दिवशी मागतात, कायद्याने ते तीन मासिक हप्त्यांत देता येत असलं तरी. कायद्याने घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं (हीटिंग वगैरे सोडून) मागू शकतो. माझं मूळ भाडं ३२०, म्हणजे डिपॉझिटच ९६० झालं. टिळकवाडीतल्या काकांनी पैसे पाठवले तेव्हा किल्ली हातात पडली. तोवर मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपून आईची शेंगाचटणी आणि ब्रेड! डिपॉझिट आणि पहिलं भाडं अकाउंटाबाहेर वेगळं ठेवाच.

आणि ती रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी चुकत नाही, पण ती घरामागे एकच असते, माणसामागे नाही. आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये, प्रत्येकी ६.१२ पडले. पत्र आलं की आधी फ्लॅटमधल्या कुणाच्या नावावर चालू आहे का ते विचारा, मगच भरा.