मदत हवी आहे: सांदवाडीतल्या (घरामागच्या अंगणातल्या) गांधीलमाश्या कशा काढाव्या? जाळायचं नाही, शेतातलं औषधही नको

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घर पुढून सिमेंटचं, पण मागे कोठ्याची (गोठ्याची) भिंत अजून मातीचीच आहे. सांदवाडीत दोन ठिकाणी माश्या बसल्यात आणि दोन्ही जाती वेगळ्या वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं पोळं न्हाणीच्या टिनाखाली. राखाडी, कागदासारखं, तळहाताएवढं, खालून सगळी घरं उघडी दिसतात. माश्या बारीक कमरेच्या, तांबूस. जवळून गेलं तरी सहसा उठत नाहीत.

खरी भीती दुसऱ्या जागेची आहे. कोठ्याच्या भिंतीच्या बुडाशी उंदराचं जुनं बीळ होतं, त्यात मोठ्या विटकरी माश्या शिरल्यात. तोंड पिवळं, पोटावर रुंद पिवळा पट्टा. पोळं दिसत नाही, नुसतं भोक दिसतं. पोळा सणाच्या सुमारास एखाद-दुसरी दिसायची, आता दिवसभर रांग लागलेली असते आणि तोंडाशी मातीचे बारीक खडे आणून टाकतात. म्हैस तिथेच बांधलेली. परवा शेण काढताना जाऊबाईंना हाताला डंख बसले, कोपरापर्यंत हात सुजला. सासूबाईंना मागे एकदा मधमाशी चावली तेव्हा अंगभर गांधी उठून चक्कर आली होती. सकाळी त्यांचा हात धरून मीच त्यांना मागे नेते, आणि त्या भोकाकडे नजर गेली की जीव वरखाली होतो.

शेजारचे भाऊजी म्हणतात, "काहून भेता वहिनी, रातच्यानं पलिता लावतो, खल्लास होते सारं." पण भिंतीला लागूनच कुटाराचा (भुशाचा) ढीग आणि कपाशीच्या वर्षभराच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्यात. एक ठिणगी पडली तर म्हशीसकट सगळं जाईल. घरचे म्हणतात, कपाशीचं औषध आहेच, पंपाने मारून टाकू. त्यालाही माझा ठाम नकार आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली. ते औषध गव्हाणीजवळ आणि घराच्या भिंतीवर मी मारू देणार नाही.

हे सुरक्षितपणे कसं काढता येईल? दोन्ही काढायलाच हवीत का? आणि सासूबाईंना डंख बसलाच तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.

बांधावरचा

ताई, दोन्ही नकार अगदी बरोबर. बिळात रॉकेल-पेट्रोल ओतायचा सल्लाही कुणी देईल, तेही करू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय जमीन आणि विहिरीचं पाणी खराब होतं.

न्हाणीवरच्या माश्या त्यामानाने शांत असतात. कपाशी-तुरीवरच्या अळ्या पकडून त्या पिलांना खाऊ घालतात. त्यांचं पोळं झाडावर उंच असतं तर राहू द्या म्हटलं असतं, पण न्हाणीत रोजचं जाणं-येणं आहे, तेव्हा काढा. अंधार पडल्यावर सगळ्या पोळ्यावर बसलेल्या असतात. लिटरभर पाण्यात दोन चमचे भांड्याचं पातळ साबण घालून लांबून पोळं पूर्ण भिजवा. साबणाच्या पाण्याने त्यांची श्वासाची छिद्रं बंद होतात. फवारणीचा जुना पंप मात्र वापरू नका, त्यात औषध राहिलेलं असतं. साधी नवीन पिचकारी घ्या. हालचाल थांबली की लांब काठीने पोळं पाडा आणि त्याचा देठ चिकटला होता ती जागा खरडून काढा.

वर्धेकर

भोकातल्या माश्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना जमिनीची हादर लगेच कळते. तिथे कुदळ मारणं, खुंटा ठोकणं, काठी खुपसणं आजपासून बंद. मधमाशीची नांगी कातडीत अडकून तुटते, म्हणून ती एकदाच डंख मारते. हिची नांगी तुटत नाही, एकच माशी पुन्हा पुन्हा मारते. थंडी पडली की यांची वस्ती ओसरते आणि घरापासून लांब असती तर थांबा म्हटलं असतं. सासूबाईंचं वाचून थांबा म्हणवत नाही.

शक्य असेल तर तालुक्याहून पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. पैसे लागतील, पण इथे वाचवू नका. ग्रामपंचायतीतही सांगून ठेवा, आसपास असं काम करणारं कुणी असेल तर तिथून कळतं. कुणीही आलं तरी काम दिवस मावळल्यावरच, म्हैस आधी दुसरीकडे बांधून. बॅटरी हातात धरायची नाही. माश्या उजेडावर धावून येतात, म्हणून ती बाजूला जमिनीवर ठेवून वर लाल कागद लावायचा. मुंग्या-झुरळांसाठी घरगुती वापराची पावडर मिळते, ती लांब काठीला चमचा बांधून भोकाच्या तोंडाशी टाकतात. माश्यांच्या पायांना लागून ती आत जाते. अंगभर जाड कपडे, बूट, तोंडाला जाळी पाहिजेच. आणि पळायची वाट आधी मोकळी करून ठेवा, हे लोक हमखास विसरतात.

उपकेंद्रातली ताई

मी आरोग्यसेविका आहे, म्हणून फक्त सासूबाईंबद्दल लिहिते. जाऊबाईंची सूज डंखाच्या जागेभोवतीच होती. थंड पाण्याची पट्टी ठेवा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. अंगभर गांधी आणि चक्कर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. अशा माणसाला पुढचा एकच डंखही जड जाऊ शकतो.

ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, उलटी, घेरी यातलं काही दिसलं तर हळद-चुना लावत बसू नका. १०८ ला फोन करा. गाडी दारातच असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन असतं, लसीकरणासाठी ते ठेवावंच लागतं. ते मांडीत देतात आणि तेच जीव वाचवतं. वाटेत त्यांना झोपवून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच ठेवा, त्रास पुन्हा उलटू शकतो. बीपीच्या काही गोळ्यांमुळे हे इंजेक्शन कमी काम करतं, म्हणून गोळीचं पाकीट सोबत घ्या.

आणखी एक. कुणालाही एकदम खूप डंख बसले आणि नंतर लघवी काळपट झाली तर तो मूत्रपिंडाचा धोका असतो. तेव्हा घरी थांबायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला आणि कपाशीच्या औषधाचा विषय मिटला. म्हैस आजच पुढच्या अंगणात बांधली. सासूबाईंसाठी न्हाणीचं पाणी पुढेच काढून देतोय, गोळ्यांचं पाकीट दाराशी पिशवीत ठेवलंय. तालुक्याच्या माणसाशी बोलणं झालं, तो उद्या संध्याकाळी येतो म्हणाला. काम झालं की भोक लगेच शेणामातीने लिंपून टाकू का?

वर्धेकर

लगेच नको. आत जिवंत माश्या राहिल्या तर मातीची भिंत पोखरून घराच्या बाजूने बाहेर पडतील. दोन-तीन दिवस लांबूनच बघा. भरदुपारीही एकही ये-जा दिसली नाही, की मग त्याच माणसाकडून आतलं पोळं काढून घ्या. टाकलेली पावडर आणि मेलेल्या माश्या कोंबड्यांच्या तोंडी लागू देऊ नका, खोल खड्ड्यात पुरा. मग विटांचे तुकडे ठोकून लिंपा, भिंतीतली उंदरांची बाकीची बिळंही त्याच दिवशी बुजवा. आणि झाडाखाली पिकून पडलेली सीताफळं रोजच्या रोज उचला, त्या गोडीवर या माश्या येतात.