जुन्या आवृत्त्या: शरीररचनेचं ठीक, औषधोपचाराचं नाही

'वैद्यकीय ग्रंथालयातून पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या काढू नका, ज्यांना नवीन पुस्तक परवडत नाही त्यांचा तोच आधार' असा मुद्दा मांडला जातो. शरीररचनाशास्त्रापुरता तो मला पटतो. हाडं-स्नायू दहा वर्षांत बदलत नाहीत. पण औषधोपचाराच्या पुस्तकांना हा न्याय लावणं धोक्याचं आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीनदा गोळ्या देत, 2017 मध्ये देशभर रोजचा डोस सुरू झाला. त्याआधीची आवृत्ती देवघेव विभागात राहिली, तर इंटर्न जुनीच पद्धत पाठ करून वॉर्डात जाणार. हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचंही तेच. 2010 पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने आधी छाती दाबा, मग श्वास, असा क्रम केला.

आमच्या ग्रंथालयात अशा पुस्तकाची एकच प्रत 'फक्त संदर्भासाठी, उपचारासाठी नाही' असा शिक्का मारून बंद कपाटात ठेवतो, बाकीच्या प्रतींचं निर्लेखन, म्हणजे त्या नोंदीतून रीतसर कमी करतो. लेखापरीक्षणाच्या भीतीने ते टाळू नका. ग्रंथालय समितीच्या ठरावात संबंधित विभागप्रमुखांचा अभिप्राय जोडा आणि दाखल नोंदवहीत (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने नोंदतात ती वही) त्या पुस्तकाच्या क्रमांकासमोर ठरावाची तारीख लिहा. आणि गरजू विद्यार्थ्यांसाठी चालू आवृत्तीच्याच जास्त प्रती पुस्तकपेढीत घ्या, त्यांच्या हाती कालबाह्य पुस्तक का द्यायचं?