मदत हवी आहे: हायलँडरचा मागचा उजवा रोटर निघत नाही, आणि आतला पॅड पार संपलाय

नमस्कार मंडळी,

गाडी टोयोटा हायलँडर, २०१२ चं मॉडेल, फ्रंट व्हील ड्राइव्ह. मुक्काम मिशिगन, डेट्रॉइटजवळ. मागचे ब्रेक पॅड आणि रोटर (चाकामागची, पॅड जिला घासतात ती लोखंडी तबकडी) घरीच बदलायला घेतलेत. डावी बाजू निर्वेध झाली, उजव्या बाजूला गाडं अडलंय. गाडी आत्ता जॅक स्टँडवर उचललेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंडी संपता संपता मागून बारीक चिरका आवाज यायला लागला होता. पॅड झिजला की त्यावरची पत्र्याची पट्टी रोटरला घासते, तो हा आवाज. नंतर ब्रेक दाबला की चक्क खरखर. इथल्या एका गॅरेजने मागच्या दोन्ही चाकांचे ६५० डॉलर सांगितले आणि वर ‘दोन्ही कॅलिपरही (पॅड रोटरवर दाबणारा भाग) बदलावे लागतील’ असं चाक न काढताच सांगून टाकलं. चाक न काढता कॅलिपर गेलाय हे कशावरून, याला उत्तर मिळालं नाही. तेव्हा सिरॅमिक पॅड आणि मधल्या भागावर गंजरोधक लेप असलेले रोटर मागवले आणि कामाला लागलो.

डावीकडे दोन्ही पॅड सारखेच झिजले होते. उजवीकडे मात्र बाहेरचा पॅड जवळजवळ निम्मा शिल्लक आणि आतल्या पॅडवर घासणारा मसाला औषधालाही नाही, नुसता लोखंडी पत्रा रोटरवर घासत होता. रोटरच्या आतल्या अंगाला नख अडकेल इतके खोल चर पडलेत. बाहेरून चाकाच्या फटीतून बघितलं तर सगळं ठीकच दिसायचं, कारण दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली वरची पिन हाताने सहज आत-बाहेर होते. खालची जाम आहे, गोल फिरतसुद्धा नाही.

आता रोटर. कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे १७ नंबरचे दोन्ही बोल्ट निघाले, कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगून ठेवलाय (रबरी पाइपवर भार नाही). हबच्या (रोटर आणि चाक ज्यावर बसतात तो मधला भाग) कडेने पीबी ब्लास्टर हा गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर मुरू दिलं. रोटरवर आट्यांची दोन भोकं आहेत, त्यांत ८ मिमीचे बोल्ट घालून आलटून पालटून आवळले. डावीकडे या उपायाने ‘टक्’ आवाज होऊन रोटर हातात आला होता. उजवीकडे तीन-चार मिलिमीटर बाहेर आला आणि तिथेच अडकला. हलवला तर डुगडुगतो, पण बाहेर येत नाही. पायाचा पार्किंग ब्रेक पूर्ण सोडलेला आहे.

विचारायचं आहे ते असं: बोल्ट आणखी आवळू का? हातोडा घालू का? आणि कॅलिपर खरंच बदलायचा, की खालची पिन साफ करून भागेल? मुलांची ने-आण याच गाडीतून होते, त्यामुळे ‘चालून जाईल’ छापाचं उत्तर नको. जे योग्य असेल ते करायची तयारी आहे, मग खर्च वाढला तरी चालेल.

प्रतिसाद १

बोल्ट अजिबात आवळू नका, हातोडाही बाजूला ठेवा. तीन-चार मिलिमीटर बाहेर आला म्हणजे हबवरचा गंज सुटला. आता तो गंजामुळे नाही, पार्किंग ब्रेकच्या लायनरमुळे (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) अडलाय.

तुमच्या गाडीत मागच्या रोटरचा मधला टोपीसारखा भाग हाच एक छोटा ड्रम आहे. पाय दाबून लागतो तो पार्किंग ब्रेक या ड्रममध्ये आतून लायनर फाकवतो, कॅलिपरशी त्याचा काही संबंध नाही. ड्रमच्या आतल्या काठावर गंजाची आणि झिजेची एक कड तयार होते. रोटर ओढला की ती कड लायनरला आडवी येते. जोर लावलात तर लायनर धरून ठेवणाऱ्या पिना मागच्या पत्र्यातून उपटून येतील. गंजलेला पत्रा फाटला की तो बदलायला हबपर्यंत सगळं खोलावं लागतं, आणि हे काम घरी करण्यातलं नाही.

आधी ते दोन बोल्ट सैल करा आणि रोटर पुन्हा आत ढकला, म्हणजे लायनरवरचा ताण जाईल. रोटरच्या तोंडावर एक रबरी बूच दिसेल, ते काढा. रोटर हळूहळू फिरवत त्या भोकातून टॉर्च मारा, आत लायनर फाकवणारं-आवळणारं दातेरी चाक दिसेल. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ते एकेक दाता फिरवायचं. दिशा ओळखायची खूण सोपी आहे. चार-पाच दाते फिरवून रोटर हाताने फिरवा. जड झाला तर दिशा उलटी आहे. हलका होत गेला तर तसेच पुढे जा, लायनर पूर्ण आत येऊ द्या. मग दोन्ही हातांनी रोटर वर-खाली डोलवत ओढा.

प्रतिसाद २

लायनरचं उत्तर वर आलंच आहे. मी आधी सुरक्षिततेचं लिहितो, कारण पार्किंग ब्रेक सोडून गाडीचा मागचा भाग उचललेला आहे. तुमच्या गाडीत गिअर ‘पी’वर असला तरी तो फक्त पुढची चाकं धरतो. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या हव्यातच. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, वजन स्टँडवरच असू दे. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड निसटला तर तेवढी जागा जीव वाचवते. रोटर ओढताना गाडी हलते, म्हणून हे आत्ता सांगतोय.

दुसरं, तुम्ही मिशिगनचे आहात म्हणून. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर पडतं, त्याने ब्रेक गंजतात. पेनसिल्व्हेनियासारखी दरवर्षीची सक्तीची तपासणी मिशिगनमध्ये नाही. म्हणजे आपण स्वतः चाक काढून बघितलं नाही तर कुणीच बघत नाही. वर्षातून एकदा, मार्च-एप्रिलमध्ये, चारही चाकं काढून आतले पॅड बघत जा.

प्रतिसाद ३

कॅलिपरबद्दल. हा सरकता कॅलिपर आहे, पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आधी आतला पॅड दाबतो, मग त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की सरकणं बंद, आणि सगळी झीज आतल्या पॅडवर. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. नुसते नवे पॅड टाकून पिन तशीच ठेवली असती तर नवा आतला पॅडही असाच गेला असता.

तरी पिस्टन निर्दोष आहे की नाही ते तपासाच. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने (सी आकाराचा शिकंजा) सावकाश दाबा. तुमच्या गाडीत पिस्टन सरळ आत जातो. ज्या गाड्यांत हँडब्रेकची केबल कॅलिपरलाच जोडलेली असते तिथे तो फिरवत आत घालावा लागतो, आणि बटणाच्या पार्किंग ब्रेकवाल्या गाड्यांत आधी सर्व्हिस मोड (ब्रेकच्या कामासाठी पार्किंग ब्रेक मोकळा ठेवायची सोय) लावावा लागतो. तुम्हाला यातलं काही नाही. दाबायच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या, पिस्टन मागे जाताना ते वर येतं आणि सांडलं तर रंग उडवतं. पिस्टन एकसारखा, न अडखळता आत गेला, त्याच्यावरचं रबर फाटलेलं नसलं आणि ओल नसली, तर कॅलिपर चांगला आहे. अडखळला किंवा रबराखाली गंज दिसला तर बदला. मग पाइप खोलावा लागेल, तांब्याचे वॉशर नवे लागतील आणि हवा काढायला पेडल दाबणारा दुसरा माणूस.

जाम पिन पकडीने धरून डावी-उजवी फिरवत बाहेर काढा, सरळ ओढू नका. टोयोटात दोनपैकी एका पिनेवर अनेकदा रबरी नळी असते. चुकीचं ग्रीस लागलं की ती फुगते आणि पिन घट्ट बसते. नवा पिन-सेट स्वस्त मिळतो. भोक आतून ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करून फक्त सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर खातं. कुठली पिन वर, कुठली खाली हे लिहून ठेवा.

आणखी एक जागा लोक विसरतात. ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या क्लिपा उचकटून काढा. त्यांच्याखाली गंजाचे पापुद्रे साठतात, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडचे कान खाचेत आवळून बसतात. तारेच्या ब्रशने आणि कानशीने लोखंड स्वच्छ दिसेपर्यंत घासा. नवा पॅड बोटाने सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर ब्रॅकेट अजून साफ झालेलं नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दातेरी चाक सापडलं, लायनर आत घेतले आणि रोटर निघाला. आत खरंच करवतीसारखी कड होती. लायनर जाड आहेत, पत्रा शाबूत आहे. खालची पिन अर्धा तास पकडीने फिरवल्यावर सुटली, तिची रबरी नळी फुगून ताणली गेली होती. पिस्टन मऊ लोण्यासारखा आत गेला, रबर कोरडं आणि अखंड. म्हणजे कॅलिपर राहतोय. डावीकडचीही पिन परत काढून नवा सेट टाकतोय.

आता शेवटचं: नवा रोटर बसवल्यावर लायनर किती फाकवायचे? आणि पॅड बसवायला पहिल्या फेरीत काय करावं?

प्रतिसाद १

नवा रोटर आधी ब्रेक क्लीनरने दोन्ही अंगांनी पुसा, त्यावर गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. हबचं तोंड घासून अगदी पातळ अँटी-सीझ (गंजून चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) लावा, पुढच्या वेळी उपकार होतील. पॅड जिथे घासतो तिथे त्याचा थेंबही जाता कामा नये. रोटर दोन नटांनी दाबून धरा. दातेरी चाक आता उलट फिरवत रोटर हाताने फिरेनासा होईपर्यंत न्या आणि तिथून आठ दाते मागे घ्या. रोटर मोकळा फिरला पाहिजे. दोन्ही बाजूंना तेच.

ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला, चाकाचे नट ७६ फूट-पाउंडला, टॉर्क पान्याने. पाना नसेल तर ऑटोझोन या सुट्या भागांच्या दुकानात अनामत ठेवून वापरायला मिळतो.

गाडी सुरू करून गिअर टाकायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला आहे, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. त्या अवस्थेत गाडी ड्राइव्हवेवरून खाली सोडू नका. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ३५ मैलांवरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, असं आठ-दहा वेळा. मध्ये थोडं चालवत राहा म्हणजे रोटर गार होईल. तापलेल्या रोटरवर पॅड दाबून सिग्नलला उभं राहिलात तर तिथे मसाल्याचा थर बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. घरी आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन ऊब तुलना करून बघा, रोटरला हात लावू नका. उजवं डाव्यापेक्षा ठळकपणे गरम लागलं तर ती खालची पिन पुन्हा बघा आणि इथे लिहा.