मदत हवी: डीप आर्काइव्हमधून रिस्टोअर केलेल्या फाइल्स दुसऱ्या बकेटमध्ये कॉपी होत नाहीयेत

मंडळी, जरा घाईचं काम आहे. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या मुलाखती आम्ही रेकॉर्ड करून ठेवल्यात, १९८२चा संप स्वतः केलेली माणसं, त्यातली कितीतरी आता राहिली नाहीत, त्यामुळे हे पुन्हा रेकॉर्ड करणं शक्यच नाही. सगळं अमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड स्टोरेजच्या मुंबई रीजनमध्ये, स्वस्त पडतं म्हणून डीप आर्काइव्हला (क्वचित लागणाऱ्या फाइल्सचा स्टोरेज क्लास, वापरायच्या आधी फाइल रिस्टोअर करावी लागते). आता एका कॉलेजला द्यायचंय, त्यांचं अकाउंट वेगळं, बकेट (फाइल्स ठेवायचा कप्पा) वेगळी, रीजन तोच.

बल्क रिस्टोअर लावलं, त्याला ४८ तासांपर्यंत लागतात, ते झालं. हेड-ऑब्जेक्ट (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) मारलं की ऑनगोइंग-रिक्वेस्ट फॉल्स, म्हणजे रिस्टोअर पूर्ण, आणि पुढे एक्सपायरीची तारीख येते. एक फाइल डाउनलोड करून ऐकली पण, साचेखात्यातले (मागांच्या विभागातले) एक आजोबा रात्रपाळीबद्दल सांगतायत, आवाज एकदम स्वच्छ. पण बकेट टू बकेट सिंक (इकडच्या फाइल्स तिकडे कॉपी करणारी कमांड) मारलं की प्रत्येक फाइलला तीच वॉर्निंग, ग्लेशियर क्लास आहे (डीप आर्काइव्ह त्यातलाच), आधी रिस्टोअर करा, आणि स्किप! स्टोरेज क्लास अजून डीप आर्काइव्हच दिसतोय, तो बदलायला हवा होता का? रिस्टोअरची मुदत रविवारी संपतेय, तोवर नाही झालं तर परत सगळे पैसे भरायचे का?

प्रतिसाद १:
क्लास बदलत नाही दादा. रिस्टोअर म्हणजे फक्त तात्पुरती कॉपी मिळते, मूळ फाइल आहे तिथेच राहते, मुदत संपली तरी तिला काही होत नाही, तेवढं टेन्शन घेऊ नका. सिंक आधी यादी काढतं आणि त्या यादीत क्लास बघून फाइल सोडून देतं, रिस्टोअर झालंय की नाही ते बघतच नाही. कमांडला फोर्स-ग्लेशियर-ट्रान्सफर जोडा, स्टोरेज क्लास स्टँडर्ड द्या. कमांड कॉलेजच्या अकाउंटमधून चालवा, तुमच्या बकेट पॉलिसीत त्यांना वाचायची परवानगी द्या, म्हणजे फाइल्सची मालकी त्यांच्याकडे जाईल. डाउनलोड-अपलोडच्या भानगडीत पडू नका, कॉपी तिकडच्या तिकडेच होते आणि एकाच रीजनमध्ये ट्रान्सफरचा चार्ज लागत नाही. मुदत कमी पडली तर संपायच्या आत रिस्टोअरची रिक्वेस्ट नवीन दिवस टाकून परत पाठवा, रिट्रीव्हलचे पैसे पुन्हा लागत नाहीत, फक्त रिक्वेस्टचे आणि वाढीव दिवसांच्या स्टोरेजचे. आधी एका फोल्डरवर ड्रायरन (खरी कॉपी न करता चाचणी) मारून बघा.

धागाकर्ता:
खूप आभार ताई, फोर्स लावल्यावर सुरू झालं! छोट्या फाइल्स गेल्या, पण मोठ्या रेकॉर्डिंगना अ‍ॅक्सेस डिनाइड येतंय. परवानगी तर सगळ्यांना सारखीच दिलीये.

प्रतिसाद २:
मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी कॉपी होते, तेव्हा टॅग्ज (फाइलला जोडलेली माहितीची लेबलं) वेगळे वाचले जातात. गेट-ऑब्जेक्ट-टॅगिंगची परवानगी पण द्या, नाहीतर टॅग्ज नको असतील तर कमांडला कॉपी-प्रॉप्स नन टाका.

धागाकर्ता:
टॅग्जमध्ये गिरणीचं नाव आणि खातं आहे, ते जायलाच हवं. परवानगी जोडतोय, त्यांच्या बाजूला टॅग लिहायची पण लागेल ना?

प्रतिसाद २:
हो, पुट-ऑब्जेक्ट-टॅगिंग, त्यांच्या बकेटवर.