मदत हवी आहे: सोनोग्राफीत टेंडनची हालचाल कमी मोजली जातेय

नमस्कार. मधल्या बोटाच्या खोल फ्लेक्सर टेंडनचे (एफडीपी, म्हणजे बोट वाकवणारा खोलवरचा स्नायूबंध) सरकणे मनगटापाशी मोजायचे आहे. १२ मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब टेंडनच्या लांबीला समांतर धरतो. बोट मुळाच्या सांध्यात ० ते ९० अंश वाकवतो, पुढचे दोन्ही सांधे सरळ. क्लिप ३० फ्रेम प्रति सेकंद, एमपीफोर. स्पेकल ट्रॅकिंगमध्ये (चित्रातल्या बारीक ठिपक्यांचा फ्रेमगणिक माग काढून सरकणे मोजणे) ९ मिमी येते आणि बोट सरळ झाल्यावरही आकडा २ मिमीवर अडकतो. मध्येच टेंडन काळे पडते. कुठे चुकतेय?

प्रतिसाद १
९ मिमी कमीच आहे. सांध्याच्या केंद्रापासून टेंडनचे अंतर सुमारे १० मिमी धरा. ९० अंश म्हणजे १.५७ रेडियन, म्हणून १५-१६ मिमी यायला हवेत. हा हिशेब आधी करून ठेवला की चूक लगेच दिसते.

काळे पडणे ही अनायसोट्रॉपी. किरण तंतूंवर काटकोनात पडेना, काही अंशांनी जरी कलला, की प्रतिध्वनी प्रोबकडे परत येत नाही. तिथे टेंडनचे स्पेकल उरत नाहीत आणि ट्रॅकर शेजारच्या स्थिर ऊतीला धरून बसतो. तुमचा आकडा बहुतेक इथेच घसरतोय. मनगट स्प्लिंटमध्ये बांधा, प्रोब हातात न धरता स्टँडला लावा, जेलचा जाड थर ठेवा. प्रोब दाबू नका, दाबाने टेंडनचे सरकणेच बदलते. बाकीची बोटे एकाच स्थितीत ठेवा. एफडीपीचे स्नायू एकमेकांत गुंतलेले असतात.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण एमपीफोर आधी सोडा. त्या कॉम्प्रेशनमध्ये बारीक स्पेकल पुसले जातात. असंकुचित डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा फाइल प्रकार) घ्या. मशीनवर पर्सिस्टन्स शून्य करा (तो मागच्या फ्रेम मिसळतो), कंपाउंड इमेजिंग (वेगवेगळ्या कोनांतली चित्रे एकत्र करणे) आणि स्पेकल कमी करणारा फिल्टर बंद. खोली २ सेंमी, फोकस एकच, टेंडनच्या पातळीवर.

वेगही बघा. १६ मिमी २ सेकंदांत म्हणजे सरासरी ८ मिमी प्रति सेकंद, फ्रेममागे पाव मिमीच्या आसपास, हे चालते. तेच अर्ध्या सेकंदात केले तर फ्रेममागे १ मिमीच्या वर जाते आणि ट्रॅकर भलत्याच ठिपक्यांवर उडी मारतो. उलट १०० फ्रेम घेतल्या तर सरकणे पिक्सेलपेक्षाही कमी भरते आणि दर फ्रेमची बारीक चूक साठत जाते. तेव्हा दर तिसरी फ्रेम वापरा.

ट्रॅकर जिचा माग काढतो ती चौकट टेंडनच्या आत, कडेला न टेकता, आणि बोटाकडच्या बाजूला सुरू करा. बोट वाकताना टेंडन कोपराकडे जाते, त्यामुळे ती चित्राबाहेर जात नाही. मग क्लिप उलटी चालवून पुन्हा ट्रॅक करा. दोन्ही वाटा जुळल्या नाहीत तर ते मापन टाकून द्या. तुमचे २ मिमी हेच सांगताहेत.

धागाकर्ता
धन्यवाद. वेग एकसारखा राहावा म्हणून रुग्णाचे बोट आम्हीच वाकवले तर?

प्रतिसाद १
नको. बाहेरून वाकवताना टेंडन ओढले जात नाही, ढिले पडते, मनगटापाशी कमी सरकते आणि पुन्हा कमी आकडा येईल. रुग्णालाच मेट्रोनोमवर हलवू द्या: २ सेकंद वाकवणे, २ सेकंद सरळ करणे.