तंत्रज्ञान स्टार्टअप: आधी भांडवल की आधी गिऱ्हाईक?

कोथरूडकर (धागाकर्ता)
स्टार्टअप काढू पाहणारी तरुण मुले भेटली की त्यांचा पहिला प्रश्न गुंतवणूकदार कुठे मिळेल, हाच असतो. माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचेच पाहा. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले, आणि दुरुस्तीला येणारे अनेक संगणक व्हायरसमुळेच बिघडलेले आहेत हे दिसू लागल्यावर संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर सॉफ्टवेअर लिहिले. ही १९९०च्या दशकातली गोष्ट. सिकोइया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी रुपये कंपनीत आले ते २०१० मध्ये! गिऱ्हाईक तक्रार घेऊन आपल्या पायांनी दुकानात येत होते, त्यामुळे काय बनवायचे हे शोधायला त्यांना सर्वेक्षण करावे लागले नाही.

घाटमाथा
सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊन साऱ्या तंत्रज्ञानाला नियम लावणे मला पटत नाही. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या तरुण मेहता आणि स्वप्निल जैन यांनी २०१३ मध्ये एथर एनर्जी स्थापन केली आणि त्यांची पहिली विजेवरची स्कूटर गिऱ्हाइकाच्या हाती पडली २०१८ मध्ये. मधली पाच वर्षे बॅटरी, साचे, चाचण्या आणि प्रमाणपत्रे यांवर खर्चच होत होता. फ्लिपकार्टच्या संस्थापकांनी २०१४ मध्ये एथरमध्ये स्वतःचे पैसे घातले नसते, तर 'आधी गिऱ्हाईक' म्हणत ही मंडळी कुठवर पोहोचली असती? अर्धी स्कूटर विकत घेणारा गिऱ्हाईक अजून जन्माला यायचा आहे.

जुना हिशेबनीस
दोघांचेही म्हणणे ऐकले, पण मी ज्या लहान कंपन्यांचे हिशेब पाहिले, त्यांतल्या बऱ्याच अडचणीत आल्या त्या वेगळ्याच कारणाने: गिऱ्हाईक होते, बिलही फाडले होते, पैसे मात्र येत नव्हते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे लागते, आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. तरीही एका मोठ्या कंपनीकडे सात महिने अडकलेले पैसे मागताना आमच्या मालकाने या कायद्याचे नावही घेतले नाही, कारण त्याच कंपनीकडून पुढचे काम मिळवायचे होते. तेव्हा कोथरूडकर, गिऱ्हाईक मिळाले म्हणजे भांडवलाचा प्रश्न सुटला, असे कृपया कोणाला सांगू नका. सहा महिन्यांचे पगार हाताशी ठेवूनच पहिला माणूस नोकरीवर घ्यावा.

कोथरूडकर
हिशेबनिसांचा मुद्दा मान्य. तो मी लक्षात घेतला नव्हता. घाटमाथा यांची स्कूटरही मान्य. परंतु माझ्यासमोर येणारे दहापैकी नऊ जण ॲप घेऊन येतात, स्कूटर नव्हे, आणि पन्नास संभाव्य वापरकर्त्यांशी बोललात का, असे विचारले की सादरीकरणाची पुढची स्लाइड दाखवतात. नमुना तयार करण्यापुरते पैसे हवे असतील, तर केंद्र सरकारच्या २०२१ च्या सीड फंड (सुरुवातीच्या भांडवलाच्या) योजनेत इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. तिथेही पहिला प्रश्न हे कोणाला हवे आहे, हाच विचारला जाणार.

घाटमाथा
प्रश्न योग्यच आहे, पण त्याचे उत्तर शोधायला जो वेळ लागतो, त्या वेळाचे भाडे कोण भरतो? काटकरांना दुरुस्तीच्या दुकानाचे रोजचे उत्पन्न होते, आणि ते जमेला न धरता आपण त्यांना विनाभांडवलाचे उदाहरण म्हणत आहोत. गावाकडे दरमहा पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलाने नोकरी सोडून पन्नास जणांशी बोलत फिरावे, हा सल्ला देताना त्याच्या घरचा खर्चही विचारा.

जुना हिशेबनीस
नोकरी सोडण्याआधी शनिवार-रविवारी बोलता येते. पन्नास जणांना दोन महिने पुरतात.