पेटी वाजवताना टॅबवरचं पान उलटायला ब्लूटूथ पेडल करतोय, एचसी-०५ पेअर होतं पण कीबोर्ड म्हणून चालत नाही

पेटीवाला_वाई
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळात मी पेटीला बसतो. वह्या फाटल्या म्हणून सगळे अभंग पीडीएफ करून टॅबवर घेतले, पण आता उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर, पान सरकवायला तिसरा हात आणू कुठून? शेजारच्या टाळकऱ्याला सांगून ठेवतो, पण तो एकदा रंगला की त्याला पान काय, मी पण दिसत नाही. रेडिमेड पेडलची किंमत बघून गप्प बसलो आणि व्हिडिओ बघून अर्डुइनोचा उनो बोर्ड (प्रोग्राम घालता येतो असा छोटा कंट्रोलर) आणि एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल आणलं. टॅबला (अँड्रॉइड आहे) ते सापडलं, १२३४ पिन टाकला, पेअर झालं, आणि पुढे शून्य. उनोतून 'पेज डाउन' असे शब्द पण पाठवून बघितले, हसू नका. मॉड्यूल खराब लागलंय का? सोल्डरिंग येतं, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचो, प्रोग्रामिंग मात्र कॉपी-पेस्टपुरतंच.

बुधवारपेठकर
काका मॉड्यूल ठणठणीत आहे, तुम्ही त्याला भलतंच काम सांगताय. एचसी-०५ म्हणजे बिनतारी सीरियल केबल, ह्या टोकाला टाकलेले बाइट त्या टोकाला काढून देणार, बास. टॅब त्याला कीबोर्ड मानतच नाही कारण कीबोर्ड-माऊसचं प्रोफाइल वेगळं, त्याला एचआयडी म्हणतात, आणि एचसी-०५ मधे येतं ते सीरियलचं. त्यात दुसरं फर्मवेअर (चिपमधला मूळ प्रोग्राम) घालून कीबोर्ड करणारे लोक आहेत पण त्या भानगडीत पडू नका, तेवढ्या वेळात चार पेडल होतील.

ईएसपी३२ चा बोर्ड घ्या, हा पण उनोसारखाच कंट्रोलर, मला साडेतीनशेला पडला होता. ब्लूटूथ चिपमधेच असतं त्यामुळे उनो पण लागत नाही. घेताना नीट बघा, एस२ लिहिलेला घेऊ नका, त्यात वायफाय आहे पण ब्लूटूथ नाहीच. साधा ईएसपी३२, सी३, एस३ यातला कुठलाही चालेल. मग कॉम्प्युटरवरच्या अर्डुइनो प्रोग्राममधे ईएसपी३२ ची बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) कीबोर्ड लायब्ररी टाका, तिच्यासोबतच उदाहरण येतं, त्यात 'हॅलो वर्ल्ड' च्या जागी पेज डाउन घातलं की अर्धं काम झालं. एक खोच आहे, बोर्ड मॅनेजरमधे ईएसपी३२ ची ३ नंबरची आवृत्ती असेल तर ही जुनी लायब्ररी कंपाइल होताना स्ट्रिंगच्या नावानं बोंब मारते. मी रात्री दीडपर्यंत माझाच कोड तपासत बसलो होतो. २.०.१७ वर मागे या, गप चालतं.

तारेवरची
पेठकरांनी सांगितलंय ते बरोबर, फक्त बटण कुठल्या पिनला लावायचं ते राहिलं आणि तिथेच सगळे आपटतात. साध्या ईएसपी३२ वर ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप, म्हणजे बटण सुटलेलं असताना पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर, नसतो. मी पहिल्यांदा ३४ ला बटण लावलं तर कोणी हात न लावता पानं फडाफडा पुढे, वायरजवळ बोट नेलं तरी पान उलटायचं, भूत लागल्यासारखं. आणि १२ नंबर पण नको, चालू होताना ती पिन वर ओढलेली असेल तर बोर्ड सुरूच होत नाही. ६ ते ११ फ्लॅश मेमरीच्या, तिकडे बघू पण नका. २७ घ्या, बटणाचं एक टोक २७ ला, दुसरं ग्राउंडला, कोडमधे पिन 'इनपुट पुलअप' करा, बटण दाबलं की लो वाचायचं, संपलं.

बटण दाबताना पत्रा थरथरतो, काही मिलिसेकंदात दहा वेळा लागतो-सुटतो, म्हणून एका दाबात तीन पानं जातात. एकदा दाब मोजला की पुढचे ३००-४०० मिलिसेकंद कानात बोळे घालायचे, म्हणजे कोडमधे काही ऐकायचंच नाही. अभंगाची पानं काय त्याहून जोरात उलटणार नाहीत.

निवांत_नागपूरकर
एवढा घाट कशाला? घरात जुना ब्लूटूथ कीबोर्ड पडला असंल तर तो खोला, आतली छोटी सर्किटची पट्टी काढा, पेज डाउन दाबल्यावर प्लास्टिकच्या पापुद्र्यातले कोणते दोन पट्टे जुळतात ते मीटरनं शोधा आणि तिथं दोन वायरी जोडून पायाच्या स्विचला न्या. कोड नाही काही नाही. मी प्रोजेक्टरसाठी असंच केलं, दोन वर्ष झाले चालू आहे.

तारेवरची
चालतं ना, पण त्या पट्टीवर कार्बनचे पट्टे असतात, त्यावर कथील धरत नाही, मी दोन कीबोर्ड मारलेत.

निवांत_नागपूरकर
डाग द्यायचाच नाही ना बाई, मूळ पापुद्र्याची शेपटी कापून तीच दाबून बसवायची.

ळ_ची_बाजू
मधेच घुसतोय. असंच एक बटण केलं आणि त्यातून थेट ळ पाठवला तर? माझ्या फोनच्या कीबोर्डवर तो शोधण्यात आयुष्य चाललंय.

बुधवारपेठकर
थेट नाही जाणार. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कुठली कळ दाबली तिचा नंबर पाठवतो. एकेका दाबाला आठ बाइटचा निरोप, पहिल्यात शिफ्ट-कंट्रोल, दुसरा रिकामा, उरलेल्या सहात कळांचे नंबर. इंग्रजी एन ची कळ म्हणजे १७ नंबर, मग समोर इंग्रजी लेआउट असेल तर एन उमटतो, इनस्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण लेआउट) असेल तर ल, आणि शिफ्टसकट पाठवला तर ळ. म्हणजे बटणात शिफ्ट अधिक एन घाला आणि फोनवर बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठी इनस्क्रिप्ट मिळत असेल तर तो निवडा. आणि हो, कळ सोडल्याचा निरोप पण पाठवावा लागतो, नाहीतर ळळळळळळ.

पेटीवाला_वाई
सगळ्यांचे आभार, झालं एकदाचं. २७ पिन, जुनी आवृत्ती, सगळं सांगितल्याप्रमाणे, रविवारी दुपारी पहिलं पान उलटलं तेव्हा घरात एकटाच ओरडलो.

दोन गोष्टी तुमच्यापैकी कोणी सांगितल्या नाहीत. एक म्हणजे लिथियमचा सेल सरळ ५ व्होल्टच्या पिनेला जोडला तर बोर्ड मधेच रिसेट होत होता. मीटर लावल्यावर कळलं, बोर्डवरचा रेग्युलेटर, म्हणजे चिपसाठी व्होल्टेज ३.३ वर आणणारा भाग, तोच जवळपास एक व्होल्ट खातो, मग ३.७ मधून ३.३ उरणार कसे. सध्या पॉवर बँकवर आहे. पहिली पॉवर बँक आपोआप बंद पडायची, ह्याचं खाणं तिला फारच कमी वाटत असावं, म्हणून मुलाची जुनी घेतली. बोर्डाला मधे झोपवायचा विचार सोडला, कारण उठून परत टॅबला जोडायला दोनेक सेकंद घेतो आणि तेवढ्यात माझं ध्रुपद निघून जातं.

दुसरी गंमत म्हणजे मी पेडल केलं खरं, पण मांडी घालून बसतो, पाय आहे कुठे दाबायला! शेवटी चपट्या लाकडी डबीत स्विच बसवून उजव्या गुडघ्याखाली ठेवला. मग गजर चढला की गुडघा ठेक्यावर हलतो आणि पानं पळतात. आता सलग २०० मिलिसेकंद दाबून धरलं तरच मोजतो, ठेक्याचा झटका त्यात गळतो. सेकंदभर धरलं तर सोडल्यावर मागचं पान.

एक अडचण उरली आहे. घरी प्रयोग करताना आधी फोनला पेअर केलं होतं, तर परवा देवळात ते टॅब सोडून माझ्या खिशातल्या फोनला जाऊन चिकटलं, मी गुडघा मारतोय आणि टॅब ढिम्म.

तारेवरची
फोनच्या ब्लूटूथ यादीतून ते डिव्हाइस काढून टाका, नुसतं डिसकनेक्ट नको. आणि पुढे कोडमधे लायब्ररी किंवा नाव बदललंत तर टॅबवरूनही एकदा काढून नव्यानं पेअर करा, जुनी माहिती धरून बसतात हे लोक. त्या लाकडी डबीचा फोटो टाका ना.